स्पेक्ट्रमवरचा 'फायटर पायलट' कोणाला आठवतोय?

सांजवारा
शनिवार, रात्री १०:५०

गेल्या आठवड्यात आतेभावाचा माळा आवरायला गेलो होतो. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली नव्वद मिनिटांची एक कॅसेट निघाली. लेबलवर त्याच्या अकरावीतल्या अक्षरात 'एफ-१५, काउंटर ०४२' एवढंच लिहिलेलं. आम्ही दोघं तिथेच बसलो. आवराआवर राहिली बाजूला.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'फायटर पायलट' हा इंग्लंडातल्या डिजिटल इंटिग्रेशन कंपनीचा १९८३ सालचा गेम. यंत्र सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक, मेमरी ४८ के (किलोबाइट). डेव्ह मार्शल आणि रॉड स्विफ्ट या दोघांनी ती कंपनी काढली. दोघंही त्याआधी फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत होते. गेम लिहिला मार्शल यांनी. विमान एफ-१५ ईगल. तुमच्या राखणीला चार धावपट्ट्या, आणि त्यांच्यावर बाँब टाकायला येणारं शत्रूचं विमान.

आतेभावाकडे १९८७ मध्ये डीबी स्पेक्ट्रम प्लस आला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून इथे परवाना घेऊन विकलेलं मॉडेल. पडदा म्हणजे घरातला पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. रविवारी सकाळी तो आमच्या वाट्याला यायचाच नाही, कारण मालिकेला अर्धी आळी घरात जमलेली असायची. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की आमचं राज्य.

'जे' दाबलं की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा. मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा 'पी', म्हणजे दोन अवतरणचिन्हं. एंटर. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं की आधी लांब शिट्टी, मग तो किर्रर्र आवाज, आणि पडद्याच्या कडेने धावणारे पट्टे. पाच एक मिनिटं लागायची. त्या पाच मिनिटांत आम्ही बोलतही नसू. शेवटाकडे कधी आवाज फाटायचा आणि खाली ओळ यायची, 'आर टेप लोडिंग एरर'. की पुन्हा पहिल्यापासून.

पण धागा काढला तो या आठवणीसाठी नव्हे. परवा लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून तोच गेम सलग तीन तास खेळलो आणि एक गोष्ट नव्याने लक्षात आली. लढाऊ विमानाच्या या गेममध्ये गोळीबार होतो किती? फार तर दोन मिनिटं. बाकी सगळा वेळ जातो शत्रू शोधण्यात, त्याच्या उंचीला पोचण्यात, इंधन मोजण्यात आणि परत येऊन उतरण्यात. मेनूच बघा: लँडिंगचा सराव, उड्डाणाचा सराव, हवाई लढतीचा सराव, आणि मग खरी लढत. वर दोन चालू-बंद करायच्या गोष्टी: आडवा वारा आणि हवेतले धक्के, आणि काही न दिसता नुसत्या उपकरणांवर उतरणं. उतरण्यावर इतका जीव लावणारा लढाईचा गेम मी त्यानंतरही फारसा पाहिला नाही.

तुमच्यापैकी कोणी खेळलंय? स्पेक्ट्रमवर नसेल तर दुसऱ्या कुठल्या यंत्रावर, दुसरा कुठला विमानांचा गेम? सविस्तर लिहा. घाई नाही.

कळसूबाई
शनिवार, रात्री ११:३५

किती छान धागा! 'जे'चं 'लोड' वाचून बोटं हलली माझी.

आमच्या शाळेत १९८४ च्या क्लास योजनेतून बीबीसी मायक्रो हे संगणक आले होते. केंद्र सरकारची शाळांसाठीची संगणक साक्षरता योजना. यंत्रांच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. गेम अर्थातच वर्ज्य. त्याच यंत्रावर जगभरची मुलं काय खेळत होती ते मला पंचवीस वर्षांनी एम्युलेटरवर कळलं. अॅकॉर्नसॉफ्टचा 'एव्हिएटर', १९८३. लिहिणारे जेफ क्रॅमंड. तेच पुढे 'द सेंटिनेल' आणि 'फॉर्म्युला वन ग्रां प्री' करणारे.

त्यात विमान स्पिटफायर. सगळं जग काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषांचं. नदीवरच्या पुलाखालून विमान काढलं की गुण, गावाच्या रस्त्यातून दोन्ही बाजूंच्या घरांमधून काढलं की गुण. आणि शेतात चरून मोठे होणारे परग्रहवासी जे नंतर गावावर चालून येतात! स्पिटफायर आणि परग्रहवासी, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पुलाखालून पहिल्यांदा निघाले तेव्हा खरंच श्वास सुटला माझा. त्यातही विमान नीट उडवता आलं तरच बंदुकीचा उपयोग, हे तुमच्यासारखंच.

पु.ले.शु.

नवखा_वैमानिक
रविवार, सकाळी ९:१०

सांजवारा दादा, धागा वाचून लगेच एम्युलेटर टाकला. माझा जन्म २००१ चा, त्यामुळे हे सगळं नवीनच. उड्डाण जमलं. पण वीस मिनिटं फिरलो तरी शत्रूचं विमान दिसलंच नाही. नुसतं क्षितिज आणि रिकामं आकाश. माझं काही चुकतंय का, की गेमची फाइल खराब आहे?

सांजवारा
रविवार, सकाळी ९:४०

@नवखा, फाइल ठीक आहे. माझाही पहिला आठवडा असाच गेला होता.

नकाशा उघड आणि शत्रू कुठे आहे ते बघ. आता महत्त्वाचं. तो आत्ता जिथे आहे तिथे नाक लावू नकोस. तू पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो, आणि मग तू त्याच्या मागे मागे वळत राहतोस, इंधन संपेपर्यंत. तो कुठल्या धावपट्टीकडे निघालाय ते ओळख आणि त्याच्या वाटेवर पुढचा एक बिंदू धर. तिकडे सरळ जा. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेंडूच्या मागे धावत नाही, आडवा कापत येतो. तसं.

दुसरं म्हणजे उंची. नकाशावर दोघं एकाच जागी आणि प्रत्यक्षात तो पाच हजार फूट वर, असं होतं. आधी त्याच्याहून थोडा वर जा, मग खाली ये. खाली येताना वेग फुकट मिळतो. वर चढताना आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी सोय) लावलास तर इंधनाचा काटा बघत राहा, आणि काम झालं की आठवणीने बंद कर.

जवळ गेल्याशिवाय तो दिसणार नाही. आधी एक ठिपका, मग ठिपक्याला पंख. तो ठिपका पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय होतं ते सांगत नाही, तूच लिही.

झेड८०_वाला
रविवार, दुपारी १२:२०

आकाश रिकामं का, याचं उत्तर यंत्रात आहे. जरा खोलात जातो, कंटाळा आला तर पुढे सरका.

स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३५ लाख ठोके. त्याला बेरीज येते, वजाबाकी येते, आकडा एक घर सरकवता येतो. गुणाकाराची सूचनाच नाही! गुणाकार म्हणजे आपण पाटीवर करतो तसा, सरकव आणि मिळव. सोळा बिटांच्या एका गुणाकाराला ढोबळमानाने ८०० ठोके धरा. आता विमान कलंडलं की समोरच्या जगातला प्रत्येक बिंदू फिरवावा लागतो. एका बिंदूला नऊ गुणाकार, वर दूरचं लहान दिसावं म्हणून दोन भागाकार. झाले साधारण ९००० ठोके, म्हणजे अडीच मिलिसेकंद. समोर पन्नास बिंदू असतील तर सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या हिशोबात गेले. अजून एकही रेघ ओढलेली नाही.

मग पडदा. २५६ गुणिले १९२ ठिपके, म्हणजे ६१४४ बाइट. नेहमीच्या ब्लॉक कॉपीच्या सूचनेने तो पुसायचा तर बाइटला २१ ठोके, एकूण ३७ मिलिसेकंद. म्हणून जाणकार मंडळी स्टॅक पॉइंटर (मेमरीत पुढचा आकडा कुठे ठेवायचा ते दाखवणारा पत्ता) उचलून पडद्याच्या शेवटी ठेवायची आणि पुश (तिथे आकडा ठेवायची सूचना) करत सुटायची. एका पुशला ११ ठोके आणि दोन बाइट साफ. ३७ चे दहावर आले. यात इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच दुसऱ्या कामाला लावणारा इशारा) आला तर परतीचा पत्ता थेट पडद्यावर लिहिला जाणार, म्हणून आधी ते बंद करायचे. इंजिनीअरिंगला मायक्रोप्रोसेसर किटवर मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

रंगांची आणखी वेगळी अडचण. आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग. सरळ क्षितिजाला वर निळं आणि खाली हिरवं चालून जातं. ते तिरकं झालं की रंगाच्या कडेला पायऱ्या दिसणार. विमानाच्या गेममध्ये क्षितिज तर सतत तिरकंच.

तेव्हा सांजवारा, रिकाम्या आकाशाचं कौतुक समजू शकतो, पण ती निवड नव्हती. यंत्राला एवढंच झेपत होतं.

सांजवारा
रविवार, दुपारी १:०५

वा! हे असं लिहिणारं कोणीतरी भेटावं म्हणूनच धागा काढला होता. पुशची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. मर्यादा होतीच. त्या मर्यादेत कशाला जागा द्यायची हे मात्र माणसानेच ठरवलं ना? ४८ के मध्ये त्यांनी आडवा वारा बसवला. धावपट्टीकडे उतरताना वाट दाखवणारी उपकरणं बसवली. दिशा आणि अंतर सांगणारा फ्लाइट कॉम्प्युटर बसवला. त्याच जागेत स्फोट, टाक्या, पूल, गुणांचे आकडे घालता आले असते आणि गेम कदाचित जास्तही खपला असता. फार्नबरोहून आलेल्या माणसाला त्याऐवजी वारा हवा होता. मला ते फार मोठं वाटतं.

ओझरकर
रविवार, रात्री ८:३०

नमस्कार मंडळी. मी एचएएलमध्ये (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) ओझरला होतो, मिग-२१ च्या जोडणीवर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गेम वगैरे मला माहीत नाहीत, पण मुलीने हा धागा वाचायला दिला आणि नातवाने तो गेम लावून दिला. आज संध्याकाळी बराच वेळ बसलो.

पहिली गोष्ट. नाक वर केलं की वेग झरझर उतरतो, हे त्यात बरोबर आहे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा), चाकं, ब्रेक, सगळं ज्या त्या वेळी करावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती यंत्रावर एवढं केलंय हे पाहून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

दुसरी. साठ अंश कलंडून उंची न सोडता वळलं की विमानाच्या पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो, आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांना विमान पेलवत नाही तो) वर सरकतो, सुमारे १.४ पट. म्हणजे सरळ उडताना जो वेग सुरक्षित, तो वळणात सुरक्षित नसतो. लढतीत जो घाईने वळतो तो आपला वेग देऊन बसतो, आणि वेग गेलेलं विमान सोपं लक्ष्य. आमच्या वैमानिकांच्या बोलण्यात वेग आणि उंची म्हणजे खिशातले पैसे. कशावर खर्च करतोयस ते आधी ठरव.

तिसरी. एफ-१५ च्या तोफेची तुम्हाला गंमत सांगतो. सहा नळ्यांची २० मिलिमीटर तोफ, मिनिटाला ६००० गोळे. विमानात गोळे किती, तर ९४०. म्हणजे सलग दाबून धरली तर साडेनऊ सेकंदांत संपली. नातू दाबून धरत होता. त्याला म्हटलं, बाळा, अर्धा सेकंद, आणि विमान नेमाच्या रिंगणात भरल्यावरच.

आणि उतरणं. सांजवारा यांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे. विमान गेलं की हँगरमध्ये कोणी लढाईचा विचार करत नसे. घड्याळ बघायचं आणि आवाजाची वाट बघायची. मिग-२१ ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीला टेकतं, मागून ब्रेकचं पॅराशूट सुटतं. ते उघडलेलं दिसलं की मग चहा. आडव्या वाऱ्यात नाक थोडं वाऱ्याकडे ठेवून खेकड्यासारखं तिरकं यायचं आणि टेकण्याच्या क्षणी पायाने सरळ करायचं. तो क्षण जमिनीवरून बघतानाही माझ्या मुठी आवळलेल्या असायच्या.

कळसूबाई
रविवार, रात्री ८:५५

ओझरकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'ते उघडलेलं दिसलं की मग चहा' इथे थांबले. अजून लिहा ना, वेगळा धागा काढलात तरी चालेल.

मेरीलंडवासी
सोमवार, सकाळी ७:१५

इथे रविवारची रात्र आहे, उशिरा लिहितोय.

माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर हंट व्हॅली. घरगुती संगणकावरच्या हवाई लढतीची अमेरिकन गोष्ट तिथे सुरू झाली, म्हणून भर घालतो.

१९८२ साल. सिड मायर आणि बिल स्टीली हे दोघं जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीत नोकरीला. स्टीली हवाई दलात वैमानिक राहिलेले. कंपनीच्या कामासाठी दोघं लास वेगासला गेले असताना तिथे 'रेड बॅरन' हे अटारीचं नाण्यावर चालणारं विमानयुद्धाचं यंत्र होतं. स्टीली आधी खेळले, चांगले गुण मिळवले. मग मायर बसले आणि त्यांना सहज मागे टाकलं. वैमानिक मी आणि जिंकलास तू कसा, असं विचारल्यावर मायर यांनी सांगितलं की यंत्रातली विमानं कुठल्या ठरलेल्या चालीने येतात ते त्यांनी आधी नुसतं बघून पाठ केलं होतं. याहून चांगला गेम आपण लिहू, असंही म्हणाले. स्टीली म्हणाले, तू लिही, मी विकतो.

त्यातून अटारीच्या घरगुती संगणकावरचा 'हेलकॅट एस' झाला आणि मायक्रोप्रोज कंपनी झाली. स्टीली यांनी पहिल्यांदा खेळून बघितला तेव्हा विमानविद्येतल्या चुकांची यादीच परत दिली, आणि मायर यांनी त्या दुरुस्त केल्या. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. एकाला यंत्र कळतं, दुसऱ्याला आकाश. फार्नबरोच्या लोकांकडे दोन्ही एकाच डोक्यात होतं, इथे दोन माणसं लागली.

पहिल्या प्रती झिप लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत विकल्या. डिस्क आणि एक छापील कागद. स्टीली दुकानांना गिऱ्हाईक म्हणून फोन करायचे, 'हेलकॅट एस आहे का?' काही दिवसांनी त्याच दुकानाला विक्रेता म्हणून फोन. १९८४ मध्ये त्यांचा 'एफ-१५ स्ट्राइक ईगल' आला आणि कंपनी खऱ्या अर्थाने उभी राहिली. म्हणजे तुमचंच विमान, एक वर्षानंतर, समुद्राच्या या बाजूला.

दोन्ही खेळून बघितले. 'स्ट्राइक ईगल' मध्ये क्षेपणास्त्रं आहेत, बाँब आहेत, लीबियापासून इराणच्या आखातापर्यंत खऱ्या घटनांवरच्या मोहिमा आहेत. थरार जास्त. पण एक खटकतं. त्यात १९७२ च्या व्हिएतनामवरची मोहीमही आहे, आणि एफ-१५ ने पहिलं उड्डाणच मुळी जुलै १९७२ मध्ये केलं. सेवेत यायला अजून काही वर्षं होती. त्या वेळी व्हिएतनामवर हे विमान असणं शक्यच नाही.

झेड८०_वाला
सोमवार, सकाळी १०:००

मेरीलंडवासी, उत्तम माहिती. अटारीच्या त्या संगणकात पडद्याच्या प्रत्येक ओळीला मधेच रंग बदलायची हार्डवेअरची सोय होती. स्पेक्ट्रमला असलं काहीच नाही, सगळं प्रोसेसरच्याच डोक्यावर.

आणि सांजवारा, कालच्या तुमच्या मुद्द्यावर रात्री विचार केला. दुसरं शत्रू विमान घालायला खरं तर फार मेमरी लागली नसती. आकार तोच, जागा वेगळी, काही बाइट. वेळही बहुतेक निभावला असता, कारण दोन्ही एकदम समोर क्वचितच येतील. तेव्हा एकच शत्रू ठेवणं ही निवड असू शकते, हे मान्य. माझं कालचं विधान मागे घेतो.

नवखा_वैमानिक
सोमवार, रात्री ११:४५

ठिपका दिसला!!!

दादा, तुम्ही म्हणालात तसंच केलं. उत्तरेकडच्या धावपट्टीच्या वाटेवर आडवा गेलो, वर थांबलो. जवळजवळ सहा मिनिटं काहीच नाही. मग डावीकडे एक ठिपका. मी एकटाच खोलीत होतो आणि मोठ्याने 'आला!' म्हणालो. आई बघायला आली.

ओझरकर आजोबांचा अर्धा सेकंद लक्षात ठेवला. चौथ्या फैरीत विमान पाडलं. पण मलाही गोळ्या लागल्या होत्या आणि इंधन थोडंच उरलं होतं. खरी भीती तेव्हा वाटली. परत येताना धावपट्टी कुठे आहे ते शोधण्यात जेवढं घाबरलो तेवढं लढताना घाबरलो नव्हतो. पहिल्या खेपेला फार उंच आलो, पुढे निघून गेलो. वळून परत. दुसऱ्यांदा चाकं खाली टाकली, फ्लॅप, वेग कमी, कमी, कमी... टेकलं. धावपट्टी संपायच्या आत थांबलो.

आता आडवा वारा चालू करून बघतो.

ओझरकर
मंगळवार, सकाळी ६:२०

शाबास. वारा लावलास की पहिल्या दिवशी नुसतं उतरण्याचा सराव कर. लढत नंतर.

सांजवारा
रविवार, रात्री ९:१५

कॅसेटचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

आतेभावाने डेक आणला, मी लॅपटॉप नेला. डेकची आवाजाची वायर लॅपटॉपच्या माइकला जोडून रेकॉर्ड करायचं आणि ती फाइल एम्युलेटरला खऱ्या टेपसारखी ऐकवायची, असा बेत. काउंटर शून्य करून टेप पुढे नेली. बेचाळीसला शिट्टी सुरू झाली, पण आवाज घोंगडी पांघरल्यासारखा. तीनदा केलं, तीनदा 'आर टेप लोडिंग एरर'.

मग आतेभाऊ उठला आणि घड्याळाच्या पान्यांच्या डबीतला बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. टेप चालू ठेवून, कान डेकला लावून, तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिला. अकरावीत असताना करायचा अगदी तसंच, डोळे मिटून. एका जागी आवाज एकदम धारदार झाला. 'इथे,' म्हणाला आणि हात काढून घेतला.

चौथ्या खेपेला पट्टे शेवटपर्यंत धावले. मेनू आला. मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. त्याने लँडिंगचा सराव निवडला.